पेटंट संपलं? मग आता तुमचा नंबर!

ज्याची धास्ती होती ते फुकट निघालं आणि जे आपलं वाटत होतं ते हातचं गेलं. पेटंट नावाच्या प्रकरणाशी झालेली आमची पहिली भेट...

शनिवारची दुपार. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याचा पहिला मजला. समोर पेटंट एजंट मॅडम, टेबलावर आमची फाइल आणि आमच्या दोघांच्या पोटात गोळा. दोघं म्हणजे मी आणि माझा पार्टनर. (धंद्यातला! गैरसमज नको. त्याचं लग्न डिसेंबरात आहे आणि मुलगी वेगळी आहे.)

फाइलमध्ये होती एक सायकल. माझ्या बाबांची. काळी, बावीस इंची, रॉड ब्रेकवाली, वयाने माझ्यापेक्षा मोठी. रिटायर झाल्यावरही बाबा रोज सकाळी तिच्यावरून मंडईत भाजी आणायला जायचे. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, पण चढावर जोर लावू नका. आता पुण्यात चढ नसलेला रस्ता कुठून आणायचा? बाबांनी सायकल जिन्याखाली उभी केली, तिच्यावर जुनी चादर टाकली आणि विषय बंद केला. येता-जाता ती चादर दिसायची आणि मला कसंतरी व्हायचं.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. पार्टनर कॉलेजपासूनचा मित्र, मेकॅनिकलवाला. "काकांच्या सायकलला मोटर लावू या का?" हे तो मिसळ खाताना बोलून गेला आणि पुढचे आठ महिने आमचे सगळे वीकएण्ड त्याच्या धनकवडीच्या गॅरेजमध्ये गेले. मागच्या चाकात मोटर, कॅरिअरवर बॅटरी. बाजारातली किट्स वायरच्या ब्रेकसाठी असतात, रॉड ब्रेकला त्यांचं काही बसत नाही. मग पार्टनरने एक छोटी क्लिप बनवली. ती ब्रेकच्या रॉडवर बसते. ब्रेक दाबला की रॉड सरकतो, रॉडवरचं चुंबक सेन्सरपासून लांब जातं आणि मोटर बंद. सिम्पल!

बाबा पहिल्यांदा चढ चढून आले तेव्हा काही बोलले नाहीत. नुसती चादर घडी करून माळ्यावर टाकली. सोसायटीतल्या तीन काकांनी मात्र लगेच विचारलं, "आम्हाला पण बनवून द्याल का?" झालं! आमच्या डोक्यात 'कंपनी' नावाचा किडा शिरला. पार्टनरने पीएफचे सहा लाख काढायचं ठरवलं. आणि तेवढ्यात त्याच्या मामांनी बॉम्ब टाकला. "चाकात मोटर? कुठल्या तरी बड्या कंपनीचं पेटंट असणार. नोटीस आली की सहाचे साठ लाख भराल!"

म्हणून हा वाडा, या मॅडम आणि आमचे दोन प्रश्न. एक, मोटरवरून आपल्याला कोणी कोर्टात खेचेल का? दोन, आपल्या क्लिपचं पेटंट मिळेल का?

एकशेतीस वर्षांपूर्वीची ई-बाइक

मॅडमनी लॅपटॉप आमच्याकडे वळवला. पडद्यावर एका सायकलचं रेखाचित्र. मागच्या चाकाच्या मधोमध मोटर, फ्रेमच्या त्रिकोणात लटकलेली बॅटरी. "ओळखीची वाटते?" वाटणारच! आमचीच तर होती. फक्त खाली तारीख होती, ३१ डिसेंबर १८९५. अमेरिकन पेटंट क्रमांक ५,५२,२७१. शोधकर्ता ऑग्डेन बोल्टन, गाव कँटन, राज्य ओहायो.

मी हबकलेच. लोकमान्य टिळकांच्या काळात कोणीतरी मागच्या चाकात मोटर असलेली बॅटरीवरची सायकल काढली होती? हो. दहा व्होल्टची बॅटरी, शंभर अँपिअरपर्यंत करंट. तेव्हा अमेरिकेत पेटंट मिळाल्यापासून सतरा वर्षं टिकायचं. म्हणजे १९१२ साल सरता सरता बोल्टनसाहेबांचा हक्क संपला. तेव्हापासून 'चाकात मोटर' ही मूळ कल्पना कोणाच्या बापाची नाही. किंवा असं म्हणू या, सगळ्यांच्याच बापाची आहे. माझ्याही!

पार्टनरच्या चेहऱ्यावर रंग परत आला. पण मला प्रश्न पडला. इतकी भारी आयडिया इतकी वर्षं पडून का राहिली?

उत्तर सोपं आहे. सायकल बरोबर होती, बाकीचं जग तयार नव्हतं. त्या काळच्या शिशाच्या बॅटऱ्या म्हणजे धोंडे. सायकलवर ठेवल्या तर माणसाने कुठे बसायचं? लहानशा मोटरला ताकद देणारी निओडायमियमची चुंबकं आली १९८० च्या दशकात. हलकी लिथियम-आयन बॅटरी सोनीने बाजारात आणली १९९१ मध्ये. मग इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर स्वस्त झाले. हे सगळे पाहुणे जमेपर्यंत लग्नाचा मांडव शंभर वर्षं रिकामाच होता.

हे फक्त सायकलचं नाही. १९२४ मध्ये जर्मनीत आंतोन फ्लेटनर यांनी 'बुकाऊ' नावाच्या जहाजावर शिडांऐवजी दोन उंच, गोल फिरणारे खांब उभे केले. फिरत्या खांबावर वारा आदळला की जहाजाला ढकल मिळते. १९२६ मध्ये ते जहाज अटलांटिक पार करून गेलं, पण डिझेल स्वस्त होतं म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. आज इंधनाची आणि धुराची चिंता लागल्यावर मालवाहू जहाजांवर तेच खांब पुन्हा बसवले जाताहेत.

गुपित सांगा, वीस वर्षं घ्या

पेटंट म्हणजे कुलूप, असा माझा समज होता. मॅडमनी तो पहिल्या दहा मिनिटांत मोडला. 'पेटंट' शब्दाचं मूळ लॅटिन आहे आणि अर्थ आहे 'उघडं'. पूर्वी राजा एखाद्याला हक्क द्यायचा तो सगळ्यांना वाचता येईल अशा उघड्या पत्राने. आजही सौदा तोच. सरकार म्हणतं, तुझा शोध नेमका कसा चालतो ते सगळं लिहून दे, एखादा जाणकार वाचून बनवू शकेल इतकं स्पष्ट. बदल्यात अर्ज केल्या तारखेपासून वीस वर्षं तो बनवायचा-विकायचा हक्क फक्त तुझा. वीस वर्षांनी सगळ्यांचा.

भारतात यासाठी १९७० चा पेटंट कायदा आहे. शोध नवा हवा, जाणकाराला सहज सुचणारा नको आणि उद्योगात वापरता येणारा हवा. या तीन चाळण्या. अर्ज साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो, तपासणी होते, मग मंजुरी. पुढे दरवर्षीची फी भरायची. नाही भरली आणि दिलेल्या मुदतीत सावरलं नाही, तर हक्क वीस वर्षांआधीच गळून पडतो. विम्याच्या हप्त्यासारखं!

आणि एक मोठा गैरसमज. पेटंट म्हणजे वस्तू बनवायचा परवाना नव्हे. ते फक्त दुसऱ्याला अडवायचा हक्क देतं. जेम्स वॉटचंच उदाहरण घ्या. वाफेचं इंजिन त्याचं, पण त्यातून चाक फिरवायला क्रँक लागतो, सायकलच्या पायडलला असतो तोच. १७८० मध्ये जेम्स पिकार्डने इंजिनात क्रँक वापरायचं पेटंट घेऊन ठेवलं. झाली पंचाईत! वॉटच्या कंपनीला दुसरीच दातेरी चाकांची रचना शोधावी लागली. पिकार्डचं पेटंट १७९४ मध्ये संपलं, तेव्हा कुठे तो रस्ता मोकळा झाला.

आमची सायकल म्हणजे चालतं-फिरतं म्युझियम

घरी येऊन मी बाबांची सायकल नव्याने पाहिली. मोटर १८९५ ची, हे कळलंच होतं. बाकीचं काय?

क्लिप आम्ही थ्री-डी प्रिंटरवर छापली होती. पार्टनरने प्रिंटर घेतला साध्या मोबाइलच्या किमतीत. प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर देण्याच्या या पद्धतीचं पेटंट स्कॉट क्रम्प यांनी १९८९ मध्ये मागितलं, १९९२ मध्ये मिळालं. पुढची अनेक वर्षं अशी मशीन्स मोठ्या कंपन्यांनाच परवडायची. २००९ मध्ये पेटंट संपलं. त्याआधीच, २००५ पासून, इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातले एड्रियन बोयर 'रेपरॅप' नावाने सगळ्यांना बनवता येईल असा प्रिंटर तयार करत होते. दार उघडल्यावर छोट्या कंपन्या धडाधड आत शिरल्या आणि प्रिंटर गॅरेजपर्यंत पोचला. धनकवडीच्यासुद्धा!

बॅटरी कॅरिअरला बांधली होती चर्रर्र आवाज करत सुटणाऱ्या पट्टीने. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांनी फिरून आल्यावर कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली काटेरी बोंडं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि त्यातून ही पट्टी जन्मली. अमेरिकेत पेटंट मिळालं १९५५ मध्ये आणि सत्तरच्या दशकात हक्क संपले. आज ती पट्टी कोणीही बनवतं. पण 'वेल्क्रो' हे नाव अजूनही ट्रेडमार्क आहे, ते मात्र कोणी छापू शकत नाही. पेटंट मरतं, ट्रेडमार्क नूतनीकरण करत राहिलात तर मरत नाही.

आणि सोसायटीतल्या काकांनी आम्हाला ॲडव्हान्स दिला तो क्यूआर कोडने. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने हा कोड काढला तो गाड्यांचे सुटे भाग मोजायला. पेटंट घेतलं, पण ठरलेल्या नियमांप्रमाणे कोड वापरणाऱ्यांवर हक्क बजावायचा नाही असं ठरवलं. म्हणून आज वडापावच्या गाडीवरही तो चौकोन दिसतो.

सायकल सोडा, बाबांच्या गोळ्यांच्या डबीतही हीच गोष्ट आहे. त्यांना शुगर आहे. एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाचं पेटंट भारतात मार्च २०२५ मध्ये संपलं. तोवर साधारण साठ रुपयांना मिळणारी एक गोळी, त्यानंतर काही कंपन्यांनी पंधरा रुपयांच्याही खाली आणली. महिन्याचा हिशेब करा! वीस वर्षं संपणं म्हणजे काय, हे मला केमिस्टच्या बिलावर जेवढं कळलं तेवढं कुठल्याच पुस्तकातून कळलं नसतं.

"कुणाला दाखवलंय का?"

आता दुसरा प्रश्न. आमची क्लिप. मॅडमनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. दोन दिवस सर्च केला होता, अशी क्लिप कुठे सापडली नव्हती. पार्टनर खुर्चीच्या टोकावर आला. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "ही अजून बाहेर कुणाला दाखवलेली नाही ना?"

शांतता.

चार महिन्यांपूर्वी आम्ही यूट्यूबवर व्हिडिओ टाकला होता. अकरा मिनिटांचा. क्लोजअपसकट. रॉड कसा सरकतो, चुंबक कुठे बसवायचं, सेन्सर कोणता घ्यायचा, सगळं पार्टनरने स्वतः हौसेने समजावून सांगितलं होतं. शूटिंग माझं.

"पण मॅडम, फक्त तीनशे चाळीस व्ह्यूज आहेत..." मी बोलून बघितलं.

"एक असता तरी पुरे," मॅडम म्हणाल्या.

अर्जाच्या तारखेआधी शोध जगात कुठेही उघड झाला की तो कायद्याच्या दृष्टीने नवा राहत नाही. सरकारने जाहीर केलेली प्रदर्शनं वगैरे मोजके अपवाद आहेत, त्यात आमचा व्हिडिओ बसत नव्हता. स्वतःच उघड केलं तरी नियम तोच. पार्टनर पाच मिनिटं काही बोलला नाही. जिना उतरताना म्हणाला, "यार, लाइक्ससाठी विकली आपण क्लिप." त्या दिवशी मला त्याच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. व्हिडिओची आयडिया माझी होती.

नियम कडक वाटतो ना? मलाही वाटला. पण याच नियमाने आपली हळद वाचवली आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरून काढण्याचं पेटंट मिळालं होतं. आपल्या आज्ज्या ऐकल्या असत्या तर हसून लोळल्या असत्या. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. त्या संस्थेने जुने ग्रंथ आणि छापील पुरावे पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. जे आधीच सगळ्यांचं आहे त्याला कोणी कुंपण घालू शकत नाही. पुढे २००१ मध्ये आपल्या पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररी सुरू झाली, ती परदेशी पेटंट कार्यालयांना आधीच दाखवता यावी म्हणून. हळदीला जो न्याय, तोच आमच्या क्लिपला. तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

डोक्यात आयडिया आहे? मग हे वाचाच

एक, आधी शोधा. गुगल पेटंट्स, युरोपच्या पेटंट कार्यालयाचं एस्पेसनेट आणि भारतीय पेटंट कार्यालयाचा सर्च, तिन्ही मोफत. चित्रं पाहा आणि दस्तऐवजातले 'दावे' वाचा. हक्क नेमका कशावर आहे ते तिथेच कळतं.

दोन, मूळ पेटंट संपलं म्हणून बिनधास्त उड्या मारू नका. आमची मोटर-इन-चाक मोकळी, पण आजच्या मोटरच्या गिअरवर किंवा कंट्रोलरवर नवी पेटंट जिवंत असू शकतात. आम्ही मॅडमकडून तेवढा सर्च वेगळा करून घेतला आणि मोटर देणाऱ्याकडून लेखी घेतलं.

तीन, पेटंट देशापुरतं असतं. अमेरिकेत पेटंट आहे आणि भारतात घेतलेलंच नाही, तर इथे बनवायला-विकायला ते आड येत नाही. पण तोच माल अमेरिकेत पाठवलात तर येतं.

चार, तोंड बंद! आधी अर्ज, मग रील. सगळं तयार नसेल तर प्रोव्हिजनल अर्ज करा. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन सरकारी फी १,६०० रुपयांपासून. तारीख पक्की होते आणि संपूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात. एजंटची फी वेगळी.

पाच, पेटंटचा रस्ता मोकळा म्हणजे आरटीओचा नव्हे. आपल्याकडे मोटरची ताकद २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच अशी सायकल नोंदणीच्या कटकटीतून सुटते. आमची त्यातच बसवली आहे.

मग कंपनीचं काय झालं?

एक आठवडा आम्ही बोललोच नाही. मग रविवारी सकाळी पार्टनर दारात. हातात नवी क्लिप. पहिली क्लिप पावसात दगा द्यायची, रॉडला गंज चढला की अडकायची. ही वेगळ्या तत्त्वावर चालते. कशी, ते सांगणार नाही. या वेळी शहाणे झालोय! प्रोव्हिजनल अर्ज त्याच आठवड्यात गेला. पेटंट मिळेल की नाही, ठाऊक नाही. जुनी क्लिप आहे तिथे यूट्यूबवर आहे, ज्याला हवी त्याने बनवावी. परवा एकाने बनवून फोटोही पाठवला.

पीएफ मात्र सहा नाही, दोनच लाख काढले. लग्न डिसेंबरातच आहे. बहुतेक भाग जुन्या, मोकळ्या झालेल्या शोधांचे, त्यामुळे कोणाला रॉयल्टी द्यावी लागत नाही. आत्तापर्यंत अकरा सायकली रस्त्यावर आल्या. बाराव्या सायकलचे काका चिंचवडचे आहेत.

बाबांना मी बोल्टनचं रेखाचित्र प्रिंट काढून दाखवलं. म्हटलं, "बाबा, तुमच्या सायकलची आयडिया १८९५ सालची आहे." त्यांनी चश्मा लावून नीट पाहिलं. मला वाटलं, थोडे खट्टू होतील. लेकीने शोध लावला म्हणून मंडईभर सांगून आले होते ना!

"म्हणजे माझ्या सायकलपेक्षाही जुनी?" बाबा म्हणाले. "मग टिकेल हो." आणि पिशवी घेऊन भाजी आणायला गेले. चढावरून.